गिअरबॉक्सच्या उष्णतेचा हिशेब : एक प्रस्तावना

मोटार चालविणाऱ्याच्या समोरील फलकावर इंजिनाची खबरबात सांगणारी साधने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब, बॅटरीची स्थिती आणि इंधनाची शिल्लक यांचा अहवाल चालकाला क्षणोक्षणी मिळत असतो. परंतु इंजिनाने निर्माण केलेली शक्ती ज्याच्या हवाली होते आणि ज्याच्यामार्फत ती चाकांपर्यंत पोचते, त्या गिअरबॉक्सच्या प्रकृतीची वार्ता देणारे साधन बहुतेक गाड्यांत नसते, आणि असलेच तर ते एका दिव्याच्या रूपात असते, जो सर्व काही सुस्थितीत असताना विझलेला राहतो आणि अनर्थ दाराशी येऊन ठेपल्यावर पेटतो. हाताने गिअर टाकावयाच्या गाडीत ही उणीव फारशी जाणवत नसे, कारण तेथे क्लच चालकाच्या पायाखालीच असे. त्याने कसूर केली की पायाला कळे, आणि तो जळू लागला की नाकाला कळे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने चालकाचा डावा पाय मोकळा केला आणि त्याबरोबर ही खबर मिळण्याचा मार्गही बंद केला. आत ऑइल तापत असते, क्लचच्या पट्ट्या सोसत असतात, आणि वर बसलेल्या माणसाला मात्र गाडी नेहमीच्याच मृदुपणाने चालली आहे असे वाटत राहते. खडकाळ, चिखलाच्या वा वाळूच्या वाटेने गाडी नेणाऱ्याने हा बंद झालेला मार्ग पुन्हा उघडावा, गिअरबॉक्समधील ऑइलचे तापमान आकड्यांत पाहण्याची तजवीज करावी आणि तो आकडा वाचण्याची तालीम स्वतःला द्यावी, एवढ्यासाठी पुढील प्रकरणे लिहिली आहेत.

या विषयाचे अगत्य महाराष्ट्राला विशेष असावे असे मला वाटते. मुंबईतील मझगाव येथे १९४९ साली महिंद्र कंपनीच्या कारखान्यात विलीज जीपची जोडणी झाली, आणि पुढील कित्येक दशके आपल्याकडील तहसील कचेऱ्या, वनखाते, पाटबंधारे खाते आणि पोलीस यांची दूरदूरची कामगिरी याच वाहनाच्या आश्रयाने पार पडली. त्या जीपच्या चालकांना खालचा गिअर केव्हा टाकावा, नदीच्या उतारात गाडी कशी घालावी, फसलेली गाडी कशी काढावी याचे जे ज्ञान होते ते अनुभवातून आलेले आणि तोंडोतोंडी चालत आलेले होते. परंतु ते सर्व हातगिअरचे ज्ञान होते. त्याच घराण्यातील नवी थार, जी नाशिकच्या कारखान्यात तयार होते, ती २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस खुली झाली, आणि तीत सहा गिअरांचा, टॉर्क कन्व्हर्टरवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळू लागला. पुढच्याच वर्षी पुण्याजवळच्या रांजणगावात जीप रँग्लरची जोडणी सुरू झाली. तिच्यातील गिअरबॉक्स आठ गिअरांचा आणि ऑटोमॅटिकच. म्हणजे अवघ्या काही महिन्यांच्या अवधीत, पूर्वी ज्यांचा या यंत्राशी संबंध नव्हता अशा हजारो मराठी माणसांच्या हाती ते आले, पण त्याच्या वहिवाटीचे ज्ञान मात्र त्याबरोबर आले नाही.

नवी मुंबईत ही विसंगती अधिकच ठळकपणे दिसते. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि तिने खाडी व पारसिकची डोंगररांग यांच्यामधील पट्टीत हे शहर वसविले. येथला राहणारा आठवड्याचे दिवस शीव-पनवेल महामार्गावर आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर कूर्मगतीने घालवितो, आणि शनिवार उजाडला की तीच गाडी घेऊन बोरघाट, माळशेज, ताम्हिणी किंवा कोकणातील लाल मातीचे रस्ते यांचा मार्ग धरतो. एकाच गिअरबॉक्सने गर्दीतील रखडणेही सोसावयाचे आणि चिखलातील झुंजही द्यावयाची. त्यात समुद्रसपाटीवरील आमची हवा दमट आणि उष्ण; उष्णता टाकून देण्यासाठी जी थंड हवा लागते ती येथे एप्रिल-मे महिन्यांत मुळातच ३५ अंशांच्या आसपास असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे नाजूक यंत्र असून अवघड भूमीवर ते टिकत नाही, असा एक समज अजूनही पुष्कळ जाणत्यांच्या तोंडून ऐकू येतो. त्याला इतिहासाचा आधार नाही. द्रवाच्या माध्यमातून शक्ती एका चक्राकडून दुसऱ्या चक्राकडे नेण्याची कल्पना हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. स्टेटिन येथील फुल्कान गोदीत काम करीत असताना, जहाजाच्या वेगवान टर्बाइनची शक्ती सावकाश फिरणाऱ्या पंख्याला कशी द्यावी या विवंचनेतून त्याने ती १९०५ साली पेटंटरूपाने मांडली. मोटारीत ती सरसहा आली ती १९४० च्या ओल्ड्समोबिलमधील हायड्रामॅटिक गिअरबॉक्सच्या द्वारे, आणि लगोलग दुसऱ्या महायुद्धात तोच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात बसविला गेला. ज्या यंत्राने रणगाडे ओढले ते यंत्र खडकाळ वाटेला भिते असे म्हणणे न्याय्य होणार नाही. त्याचे वैर आहे ते एकाच गोष्टीशी, आणि ती म्हणजे उष्णता.

ही उष्णता येते कोठून, हे समजून घेतल्यावाचून तापमानाचा आकडा निरर्थक ठरतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइलाने भरलेल्या कोशात दोन चक्रे समोरासमोर असतात. पहिले इंजिनाबरोबर फिरून ऑइल फेकते, दुसरे त्या ऑइलाच्या माऱ्याने फिरू लागते, आणि दोहोंच्या मध्ये असलेले तिसरे चक्र परतणाऱ्या ऑइलाला वळण देऊन टॉर्क वाढविते. पहिल्या आणि दुसऱ्या चक्रांच्या वेगांत जोपर्यंत तफावत आहे तोपर्यंत इंजिनाच्या शक्तीचा काही अंश ऑइल घुसळण्यात खर्च होतो, आणि जो खर्च होतो तो सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने ऑइलात जमा होतो. सपाट हमरस्त्यावर गाडीने वेग घेतला की आतील लॉकअप क्लच दोन्ही चक्रांना एकत्र जखडतो, तफावत शून्य होते, आणि उष्णतेचा हा झरा आटतो. चिखलात रुतलेल्या गाडीत नेमके उलट घडते. चाके जागची हलत नाहीत, म्हणून दुसरे चक्र हलत नाही, इंजिन मात्र फिरत असते, आणि त्याने दिलेली शक्ती ऑइलाखेरीज अन्यत्र कोठेही जाऊ शकत नाही.

थोडे गणित येथे मांडून पाहण्यासारखे आहे, कारण पुष्कळांना या गोष्टीचा वेग ठाऊक नसतो. गाडी वाळूत अडली आहे आणि चालक अॅक्सिलरेटर निम्म्याहून कमी दाबून ती पुढे रेटू पाहतो आहे. इंजिन ३० किलोवॉट, म्हणजे सुमारे ४० अश्वशक्ती देत आहे असे धरू. गिअरबॉक्समध्ये ८ लिटर ऑइल असेल तर त्याचे वजन ७ किलोच्या आत येते, आणि एवढे ऑइल एक अंशाने तापविण्यास साधारणपणे १४ किलोज्यूल पुरतात. म्हणजे दर सेकंदाला दोन अंशांहून अधिक वाढ, आणि अर्ध्या मिनिटात साठ-पासष्ट अंश. धातूची कवचे आणि कूलर यांनी शोषून घेतलेली उष्णता यातून वजा करावी लागते हे खरे. परंतु कन्व्हर्टरच्या कोशात प्रत्यक्ष घुसळले जाणारे ऑइल एकूण साठ्याचा एक भागच असल्यामुळे तेथील तापमान या हिशेबाहूनही वेगाने चढते. कंपन्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत ब्रेक दाबून इंजिन पूर्ण जोराने चालविण्याची जी स्टॉल चाचणी सांगितलेली असते, ती ५ सेकंदांहून अधिक काळ करू नये अशी सक्त ताकीद असते, तिचे कारण हेच. कुशल कारागिराला जे काम कारखान्याच्या छपराखाली पाच सेकंदांत आटोपण्याचा हुकूम आहे, ते आपण किनाऱ्यावर मित्रांच्या आरोळ्यांच्या भरात मिनिट-मिनिट करीत असतो.

अतिउष्णतेचे परिणाम दोन प्रकारचे असतात. पहिला ऑइलावर होतो. तापलेल्या ऑइलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग त्वरेने होतो, त्याचा लाल रंग काळवंडतो, त्यातील मिश्रकांची शक्ती क्षीण होते, आणि राळेसारखा एक पातळ लेप व्हॉल्व्हबॉडीच्या सूक्ष्म मार्गांवर बसू लागतो, ज्यामुळे झडपा अडखळतात आणि गिअर पडताना झटके बसतात. दुसरा परिणाम रबरी सीलांवर आणि क्लचच्या पट्ट्यांवर होतो. सील कडक होऊन दाब गळू लागतो, दाब गळाला की पट्ट्या घसरतात, पट्ट्या घसरल्या की नवी उष्णता निर्माण होते, आणि एकदा हे चक्र सुरू झाले की ते थांबविणे चालकाच्या हाती राहत नाही.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये अशा रीतीने निकामी झालेला गिअरबॉक्स उघडताना मी जवळ उभा राहून पाहिला आहे. खालचा चेंबर काढल्याबरोबर जो दर्प आला तो ज्याने एकदा घेतला त्याला तो पुन्हा ओळखण्यास कोणाची साक्ष लागणार नाही. चेंबरच्या तळाशी बसविलेल्या चुंबकांवर करड्या रंगाचा मऊ लेप होता. तेवढा लेप निरोगी गिअरबॉक्समध्येही सापडतो, आणि त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु त्या लेपाच्या भोवती चुंबकाला न चिकटणारे काळे कण पसरले होते, आणि ते धातूचे नसून क्लचच्या पट्ट्यांवरील अस्तराचे होते. पट्ट्या बाहेर काढून कापडावर ओळीने मांडल्या तेव्हा पोलादी पट्ट्यांवर जागोजाग निळसर डाग दिसले, जे पोलाद अतिशय तापल्याखेरीज उमटत नाहीत, आणि अस्तराच्या पट्ट्या आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या; कडेला नख लावताच अस्तराचा कपचा सुटून आला. "ऑइल जळालं की प्लेटा गेल्याच समजा," असे मिस्त्री एवढेच बोलले आणि पुढच्या कामाला लागले. त्या गाडीचा तापदर्शक दिवा पेटला होता की नाही याविषयी मालकाला निश्चित काही सांगता येत नव्हते.

मग किती तापमान योग्य आणि किती घातक, हा प्रश्न येतो. सर्वसाधारण वापरात चेंबरमधील ऑइल ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, यावर जाणकारांचे एकमत आहे. त्याच्या पुढे, दर दहा-अकरा अंशांच्या वाढीस ऑइलाचे आयुष्य निम्मे होते असा एक ठोकताळा या व्यवसायात रूढ आहे. तो ठोकताळाच आहे, परंतु दिशा दाखविण्यास पुरेसा आहे. जुन्या कोष्टकांप्रमाणे ११५ अंशांच्या सुमारास राळ धरू लागते, १२५ च्या पुढे सील कडक होऊ लागतात आणि १४५ च्या आसपास पट्ट्या घसरू लागतात. हल्लीची कृत्रिम ऑइले याहून अधिक सोशिक आहेत, आणि काही नव्या गिअरबॉक्सांची रचनाच थोड्या अधिक तापमानावर चालण्यासाठी केलेली असते. म्हणून या आकड्यांना कायद्याच्या कलमांप्रमाणे मानू नये. माझ्या मते, चेंबरमध्ये १०५ अंश दिसू लागले की चालकाने आपली रीत बदलावी, आणि १२० दिसले की थांबावे. पट्टीच्या चालकांना ही मर्यादा भित्री वाटेल, परंतु गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्च ज्याने एकदा भरला आहे त्याला ती वाटणार नाही.

या ऑइलाच्या जडणघडणीविषयी एक गोष्ट विषयांतराचा दोष पत्करूनही नमूद करावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यकाळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलात स्पर्म व्हेल या महाकाय देवमाशाचे तेल मिसळीत असत, कारण पट्ट्यांची पकड मृदू ठेवून उष्णता सोसण्याचा गुण त्यात असाधारण होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने त्या तेलाच्या वापरास बंदी केली, आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याला पर्याय शोधावा लागला. आज आपण गिअरबॉक्समध्ये ओततो त्या ऑइलाचा दर्जा व क्रमांक कंपनीने इतक्या काटेकोरपणे का ठरवून दिलेला असतो, आणि 'कुठलंही लाल ऑइल चालतं' हा गॅरेजमधील सल्ला का मानू नये, याचा उगम या दीर्घ शोधात आहे. त्याचप्रमाणे काही गिअरबॉक्सांविषयी 'ऑइल आजन्म बदलावे लागत नाही' असे जे सांगितले जाते, ते डोंगर चढणाऱ्या, धूळ खाणाऱ्या आणि ओझे ओढणाऱ्या गाडीला लागू नाही. कठोर वापरासाठी निराळी मुदत पुष्कळशा कंपन्यांच्याच पुस्तिकांत दिलेली असते, फक्त ती शेवटच्या पानांत असते.

आता मापनाकडे वळू. तापमान कोठे मोजले यावर आकड्याचा अर्थ सर्वस्वी अवलंबून आहे, आणि या बाबतीत जितका घोटाळा होतो तितका दुसऱ्या कशातही होत नाही. कन्व्हर्टरमधून निघून कूलरकडे जाणाऱ्या नळीतील ऑइल सर्वांत तप्त. त्या नळीवर बसविलेला काटा एखाद्या चढावर क्षणार्धात १३० वर जातो आणि चढ संपताच खाली येतो. कूलरमधून परतणाऱ्या नळीतील ऑइल सर्वांत शीत. तेथे मोजणारा माणूस खोट्या समाधानात राहतो. चेंबरमधील ऑइल या दोहोंचे मिश्रण असून ते सावकाश चढते व सावकाश उतरते. पट्ट्या आणि सील यांना प्रत्यक्ष ज्या ऑइलात दिवस काढावयाचे असतात ते हेच, म्हणून एकच जागा निवडावयाची तर चेंबर निवडावा असे माझे मत आहे. ज्याला वाळूत वारंवार जावयाचे आहे त्याने कन्व्हर्टरच्या निर्गमनळीवर दुसरा मापक बसवावा, म्हणजे धोका चेंबरपर्यंत पोचण्यापूर्वीच कळेल. दोन गाड्यांच्या आकड्यांची तुलना करताना मापक कोठे आहे हे विचारल्याशिवाय तोंड उघडू नये.

नव्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या संगणकाला स्वतःच्या कामासाठी ऑइलाचे तापमान ठाऊक असावेच लागते, आणि त्यासाठी आत एक थर्मिस्टर बसविलेला असतो, ज्याचा विद्युत्‌रोध उष्णता वाढेल तसा कमी होत जातो. रँग्लरमध्ये हा आकडा फलकावरच पाहता येतो. अन्य गाड्यांत तो निदानाच्या सॉकेटमधून, म्हणजे चालकाच्या गुडघ्यांच्या वर डॅशबोर्डखाली असलेल्या ओबीडी सॉकेटमधून, एक लहानसा अॅडॅप्टर लावून मोबाइलवर आणता येतो. यात एक ग्यानबाची मेख आहे. इंजिनाच्या पाण्याचे तापमान मागण्याची रीत सर्व कंपन्यांनी समान ठेवली आहे; गिअरबॉक्सच्या ऑइलाची मात्र प्रत्येकीची रीत निराळी, आणि आलेल्या संख्येचे अंशांत रूपांतर करण्याचे सूत्रही निराळे. चुकीचे सूत्र घातले तर आकडा येतो, हलतो, खराही भासतो, आणि तरी तो खोटा असतो. याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे इंजिन चालू न करता, नुसती चावी फिरवून वाचावी. त्या घटकेला गिअरबॉक्सचे ऑइल, इंजिनाचे पाणी आणि बाहेरची हवा यांची तापमाने एकमेकांपासून दोन-तीन अंशांहून अधिक दूर असता कामा नयेत. ज्यांनी स्वतंत्र मापक विकत घेऊन बसविला आहे त्यांनी तो बसविण्यापूर्वी उकळत्या पाण्यात धरून पाहावा. नवी मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांवर उकळते, तर महाबळेश्वरी तेच सुमारे ९५-९६ अंशांवर उकळेल, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

आकडा विश्वसनीय ठरला की त्याची भाषा शिकण्यासाठी नवी मुंबईकराला नेरळचा घाट फार उपयोगी पडतो. पनवेल, चौक, कर्जत असा सपाट रस्ता संपेपर्यंत तापमान ८५ ते ९० च्या घरात स्थिरावलेले असते. नेरळहून माथेरानचा दस्तुरी नाका, ज्याच्या पुढे मोटारींना मज्जाव आहे, तेथपर्यंतचा चढ लागला की गाडी 'डी'मध्ये ठेवल्यास गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्या गिअरांत घोटाळत राहतो, लॉकअप सुटत-जुळत राहतो, आणि प्रत्येक नागमोडी वळणासरशी आकडा एकेक अंशाने वर सरकतो. पुढील खेपेस त्याच चढावर त्याच वेगाने, परंतु खालचा गिअर हाताने धरून ठेवून जावे. इंजिनाचा आवाज वाढतो, आणि सोबतचे प्रवासी 'गाडी ओरडते आहे' अशी तक्रारही करतात. परंतु कन्व्हर्टरमधील तफावत घटलेली असते आणि माथ्यावर पोचल्यावरचा आकडा कमी असतो. आवाज म्हणजे त्रास आणि शांतता म्हणजे सुख हे इंजिनाच्या बाबतीतले समीकरण गिअरबॉक्सला लागू पडत नाही, ही गोष्ट या एका घाटात जशी पटते तशी ती कोणत्याही व्याख्यानाने पटणार नाही.

हेच तत्त्व अधिक मोठ्या प्रमाणावर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना शक्ती देणाऱ्या खालच्या टप्प्यात आहे. रँग्लर रुबिकॉनचा खालचा टप्पा ४ पटींचा असतो, म्हणजे चाकांच्या त्याच वेगाला गिअरबॉक्सला फोर-हायच्या, म्हणजे वरच्या टप्प्याच्या, मानाने चौपट फिरावे लागते. तेवढ्यामुळे चाके रांगण्याच्या वेगाने चालत असतानाही कन्व्हर्टरचे दुसरे चक्र चांगल्या वेगाने फिरत राहते. गोटे भरलेल्या नदीपात्रात किंवा भातखाचराकाठच्या चिखलात फोर-हायमध्ये रेटत राहणे आणि गाडी अडल्यावर फोर-लो शोधणे, ही आपल्याकडील सर्वांत रूढ चूक आहे. फोर-लो हे अडकल्यावर बाहेर पडण्याचे साधन आहे असे आपण मानतो. वास्तविक ते अडथळ्याच्या अलीकडे, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना टाकावयाचे असते. अडलेली गाडी पुढे-मागे हिसडे देऊन काढण्यासाठी 'डी' आणि 'आर' यांच्यामध्ये दांडा सारखा हलविणे तर सर्वथा वर्ज्य समजावे; फावडे, टायरांतील हवा कमी करणे आणि दुसऱ्या गाडीची ओढ ही तिन्ही साधने त्याहून स्वस्त आहेत.

आकडा चढलाच तर काय करावे, याविषयी चुकीचा सल्ला सर्वत्र पसरलेला आहे, तो असा की इंजिन ताबडतोब बंद करावे. गिअरबॉक्समधील ऑइल कूलरमधून फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे अभिसरण बंद, आणि तप्त ऑइल जेथल्या तेथे साचून राहते. गाडी सपाट जागी घेऊन, हँडब्रेक ओढून, दांडा न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर चालू द्यावे. न्यूट्रलमध्ये दोन्ही चक्रे एकत्र फिरतात, नवी उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही, आणि साठलेली उष्णता कूलरवाटे निघून जाते. इंजिनाचेच पाणी उकळू लागले असेल, किंवा गाडीखाली ऑइलाची धार दिसत असेल, तर मात्र इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. तापलेल्या कवचावर पाणी ओतू नये. आणि आकडा खाली आल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरची जाळी अवश्य पाहावी. पावसाळ्यात लाल चिखल तिच्या फटींत बसून वाळला की नवा कोरा कूलरही निरुपयोगी होतो, आणि तो चिखल मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा लागतो, कारण गॅरेजमधील जोरदार फवाऱ्याने पत्र्याच्या पात्या वाकतात.

जादा कूलर बसविण्याविषयी एक सावधगिरीची सूचना. कित्येक गाड्यांत ऑइलाची नळी रेडिएटरच्या तळच्या कप्प्यातून जाते आणि इंजिनाच्या पाण्याकडून थंडावा घेते. समोर बसविलेला हवेचा कूलर त्यानंतर, परतीच्या वाटेवर जोडल्यास उत्तम. परंतु रांगण्याच्या वेगात त्याला हवा मिळण्यासाठी पंखा हवाच. रेडिएटरमधील हा कप्पा जुन्या गाडीत आतून फुटला तर पाणी ऑइलात मिसळते, ऑइल गुलाबी दुधासारखे दिसू लागते, आणि पट्ट्यांचे अस्तर ज्या चिकट द्रव्याने पोलादाला जोडलेले असते ते सुटते. ओढ्यात खोलवर गाडी घातल्यावर गिअरबॉक्सच्या श्वासनलिकेतून पाणी आत गेले तरी परिणाम तोच. तापमापक या रोगाची खबर देत नाही. ती ऑइलाच्या रंगावरूनच घ्यावी लागते.

ऑइलाची पातळी पाहण्याशीही तापमानाचा निकट संबंध आहे. पुष्कळ नव्या गिअरबॉक्सांना पातळी पाहण्याची पट्टीच नसते. गाडी लिफ्टवर समपातळीत घेऊन, इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाच्या कक्षेत असताना ओव्हरफ्लोचा नट उघडावयाचा, आणि बारीक धार लागून थांबली की पातळी बरोबर समजावयाची, असा शिरस्ता असतो. जर्मनीच्या झेड-एफ कंपनीच्या आठ गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये ही कक्षा ३० ते ५० अंशांची आहे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल इंजिन चालू करण्यापूर्वीच चाळिशीच्या आसपास असते, आणि काम पुरे होईपर्यंत ते कक्षा ओलांडून जाते. तापलेले ऑइल फुगलेले असल्यामुळे जास्तीचे वाहून जाते आणि गाडी थंड झाल्यावर पातळी कमी भरते. कमी ऑइल म्हणजे पुन्हा उष्णता. हे काम सकाळी, गाडी गॅरेजात रात्रभर ठेवून करून घ्यावे, आणि मिस्त्रींनी हाताने चेंबर चाचपून तापमान ठरविण्यापेक्षा आकडा वाचूनच नट उघडावा असा आग्रह गाडीमालकाने विनयपूर्वक, पण निश्चयाने धरावा.

शेवटी नोंदीविषयी. इशारा देणारा दिवा एकाच मर्यादेचे उल्लंघन सांगतो, तर आकड्यांची वही गाडीच्या प्रकृतीचा इतिहास सांगते. म्हणून तारीख, मार्ग, बाहेरची हवा, गाडीतील ओझे, स्थिर तापमान आणि सर्वोच्च तापमान एवढ्या सहा रकान्यांची एक वही प्रत्येकाने ठेवावी असे मी सुचवितो. गेल्या वर्षी याच घाटात, याच ऋतूत जी गाडी ९८ वर थांबत होती ती यंदा १०६ वर जात असेल, तर कोणताही दिवा पेटलेला नसला तरी कूलरची जाळी, ऑइलाची मुदत किंवा लॉकअप क्लच यांपैकी कशात तरी बिघाड सुरू झाला आहे असे निःशंकपणे समजावे, आणि त्याच क्रमाने तपास करावा, कारण त्या क्रमाने खर्चही वाढत जातो. अशा वहीचा नमुना तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस दिला आहे. पुढील सर्व आकडे सेल्सिअसमध्ये आहेत; अमेरिकी पुस्तकांतील फॅरनहाइटचे आकडे वाचणाऱ्यांनी १७५ म्हणजे सुमारे ८०, २०० म्हणजे ९३ आणि २५० म्हणजे १२१ अंश, एवढी तीन ठाणी पाठ केली म्हणजे बाकीचा हिशेब मनातल्या मनात करता येईल.